इटलीच्या पेट्या आणि तुमचं ‘राहू दे’

तुमच्या तेरवीला भोंगा वाजला. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही बोलायला जीभ वळणार नाही. अंगणातल्या कडुलिंबाला पत्र्याचा भोंगा बांधला होता, आणि सकाळपासून शेवटची पंगत उठेपर्यंत त्यातून भजन किंचाळत होतं. भजन म्हणते, पण एक शब्द कळत नव्हता. झांजा, हार्मोनियम, बुवांचा खोकला, सगळं एका डब्यात घालून कोणी खडखडवत बसल्यासारखं. मधूनच अशी शीळ निघायची की पंगतीतली माणसं माना आखडून घ्यायची आणि परत भात कालवायला लागायची. तुम्ही असते तर परसात जाऊन उभे राहिले असते. कोणी विचारलं असतं तर म्हणाले असते, "राहू दे, त्याईले आवडते."

हे तुमचं ‘राहू दे’. या दिवसांत माझ्या तोंडाला जी कडू चव आहे, तिच्यात त्याचाही वाटा आहे. गेलेल्या नवऱ्याबद्दल बायकोनं काय लिहायचं असतं ते मला माहीत आहे. दिघोरीच्या शाळेत कोणाचं दुःखद वर्तमान आलं की फळ्यावर मीच लिहिते, माझं अक्षर चांगलं म्हणून. तसलं मी तुमच्यासाठी लिहिणार नाही. आपलं बोलणं अर्धवट राहिलं आहे, तेवढं बोलते.

तुम्ही अजून ओसरीवर होते, पांढऱ्या कापडाखाली. बायका माझ्याभोवती बसून रडत होत्या. मला रडू येत नव्हतं, म्हणून मी समोर बघत होते, आणि समोर मधल्या खोलीचं दार उघडं होतं. आत रमेश होता, तुमच्या मोठ्या भावाचा मुलगा. तो वितीनं स्पीकरची पेटी मोजत होता. आधी उंची, मग रुंदी. मग त्यानं दाराची चौकट मोजली, मान हलवली आणि बाहेर येऊन तुमच्या पायाशी हात जोडून उभा राहिला. मला ओकारी आली. बायकांना वाटलं, घेरी आली. कोणीतरी कांदा फोडून माझ्या नाकाला लावला. त्या कांद्याचा वास अजून जात नाही.

ज्या पेट्यांसाठी हे सगळं झालं, त्या आल्या तेव्हा मला तरी कुठे आवडल्या होत्या? आणीबाणी उठली त्या वर्षी तुम्ही लिबियाला गेले. वाळवंटात पाइपलाइन टाकणारी इटलीची कंपनी, तुम्ही तिथं इलेक्ट्रिशियन. तुमचा साहेब बेप्पे नावाचा म्हातारा. शुक्रवारच्या सुटीला बाकीचे झोपा काढायचे, पत्ते कुटायचे, आणि तुम्ही म्हाताऱ्याच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन गाणं ऐकत बसायचे. भाषा कळत नव्हती, गाणं कळत नव्हतं, तरी बसायचे. त्याचा भाऊ इटलीत कुठल्याशा डोंगरातल्या गावात स्पीकर बनवायचा. कारखाना नाही, घरचीच कार्यशाळा. अक्रोडाचं लाकूड, हातानं तासलेलं, हातानं पॉलिश केलेलं. तुमच्याबरोबरची माणसं परत आली ती सोनं घेऊन, टू-इन-वन घेऊन. तुम्ही आले ते दोन लाकडी खोकी, एक अॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड-प्लेअर घेऊन.

वरठीच्या स्टेशनवर पार्सल उतरेपर्यंत आपण दिवसभर बसलो होतो. माझा राग नाकावर होता आणि तुम्ही बाकावरून उठून पुन्हा पुन्हा पार्सल-ऑफिसच्या दारात जात होते, दवाखान्यात बाळंतिणीची वाट पाहणाऱ्या माणसासारखे. मग भाताच्या गिरणीचा एक ट्रक आपल्याकडे यायला निघालेला मिळाला. खाली तणस, धानाचा पेंढा पसरला, वर खोकी ठेवली, आणि तुम्ही ड्रायव्हरजवळ न बसता मागे खोक्यांना धरून बसले. घरी उतरले तेव्हा कोंड्यानं तुमच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

तुमचे मोठे भाऊ, दामोदर पाटील, अंगणात उभे होते.

"काय आनलं गा एवढं? फ्रीज हाये काय?"

"गानं आयकाच्या पेट्या आहेत, दादा."

"गानं तं रेडिओत बी येते."

ते हसले, सगळे हसले, तुम्हीही हसले. मी दाराआडून पाहत होते. भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, आपल्याकडे सून उभी राहत नाही आणि बोलत तर नाहीच. वर्गभर मुलांना दटावणारी मी त्यांची चाहूल लागली की पदर ओढून आत पळायची. त्यांना काही सांगायचं तर तुमच्यामार्फत, नाहीतर सिंधूबाईंमार्फत, माझ्या जाऊबाई.

तुम्ही मधल्या खोलीचं काय करून टाकलं! दोरी घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत मापं घेतली, खडूनं जमिनीवर खुणा केल्या. कपाट बाहेर काढलं. गोधड्या भिंतीवर टांगल्या. आवाज कोपऱ्यात घुमतो म्हणून कोपऱ्यांत धानाची पोती उभी केली आणि मला म्हणाले, "मास्तरीनबाई, धानाच्या पोत्यासारखी भिंत बेप्पेच्या घरी बी नाई." त्या पोत्यांना उंदीर लागले. मी चिडचिड करायची, तुम्ही सापळा लावायचे आणि सापळ्यात सापडलेला उंदीर तळ्याच्या पाळीवर सोडून यायचे. तो दुसऱ्या दिवशी परत येत असणार, याची मला खात्री आहे.

पहिल्यांदा ऐकलं ती रविवारची दुपार होती. वीज त्या दिवशी धड होती. तुम्ही मला खुर्चीवर बसवलं, खांदे धरून थोडं मागं सरकवलं आणि सुई ठेवली. मी पेट्यांकडे बघत होते, गाणं तिथून येणार म्हणून. पण पेट्यांतून काही आलंच नाही. दोन पेट्यांच्या मधे जी रिकामी भिंत होती, तिच्यासमोर एक बाई येऊन बसली. तिच्या एका बाजूला तंबोरा, दुसऱ्या बाजूला सारंगी. तिनं स्वर लावायच्या आधी श्वास घेतला, तो मला ऐकू आला. तिच्या बांगड्या मांडीवर टेकल्या, त्याही ऐकू आल्या. मी पदर सावरून नीट बसले, परकं माणूस घरात आल्यासारखी. तुम्ही ते बघितलं आणि इतके हसले की तुम्हाला ठसका लागला.

त्या दिवसानंतर मी तुम्हाला पेट्यांबद्दल बोलले नाही. उलट माझेच कान बदलले. वर्गात पाढे चालू असताना कोण नुसते ओठ हलवतंय ते मला कळायला लागलं. स्वैपाकघरात भात शिजल्याचं वासाआधी आवाजावरून कळायचं. हे तुमचं देणं आहे, ते मी नाकारत नाही.

निघताना बेप्पेनं तुम्हाला एक रेकॉर्ड दिली होती, तिच्यावरून मात्र आपलं कधी जुळलं नाही. तुमची ती इटालियन बाई. तुम्ही म्हणायचे, ती मरायला टेकली आहे आणि घरच्यांचा निरोप घेऊन राहिली आहे.

"मरनारी बाई एवढ्या जोरानं कशी गाईन?" मी म्हणायची. "हिच्या छातीत तं मायापेक्षा जास्त दम आहे."

"शब्द सोड. आवाज कसा थरथरते थे आयक."

"थरथरत नाई, ओरडून रायली."

हा वाद तुम्ही जाण्याच्या आदल्या रविवारीही झाला. निकाल लागला नाही. आता सांगते की मला ती बाई अजूनही आवडत नाही, आणि तुम्ही नाही म्हणून मी ती आवडून घेणार नाही.

सगळ्यात चांगला दिवस कोणता होता, तर रोवण्याच्या बायांचा. तुम्ही कोणाचा तरी टेप मागून आणून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले होते आणि चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बायांचं गाणं भरून आणलं होतं. भागरता म्होरकी, ती ओढायची आणि बाकीच्या झेलायच्या. पुढच्या रविवारी तुम्ही सगळ्यांना घरी बोलावलं. पाय धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन त्या मधल्या खोलीत भिंतीला लागून बसल्या. तुम्ही टेप पेट्यांना जोडला आणि कॅसेट लावली. आधी पाण्यात पाय ओढल्याचा आवाज आला, मग गाणं. एकीचं पोर लांब धुऱ्यावर रडत होतं, तेसुद्धा त्यात होतं. ती बाई खोलीतल्या खोलीत उठायलाच लागली. दोन कडवी झाली आणि भागरतानं मधेच हात वर केला.

"थांबव, भाऊ. थे कोन बेसूर गाऊन रायली?"

"तूच वो," शेजारची म्हणाली.

"मी? माया आवाज असा आहे? मी नाई, थे तू होय."

पुन्हा लावलं, पुन्हा भांडण. तुम्ही इतक्या गंभीरपणे हरवलेली सुई शोधावी तशी ती जागा परत परत लावत होते की मला दारात उभं राहून हसू आवरत नव्हतं. शेवटी भागरता म्हणाली, "असन बापा मायाच. पन गोड आहे." त्यानंतर ती रोवणा संपला की दरवर्षी यायची, खुर्चीवर बसायची नाही, पेटीसमोर मांडी घालून बसायची आणि पूर्ण ऐकून जायची.

एवढं मी का सांगते? कारण तुमच्या घरच्यांना या खोलीत काय चालायचं ते कधी दिसलं नाही. तुमचे भाऊ यायचे ते गावाला पेट्या दाखवायला. पाहुणे घेऊन यायचे, तंबाखू मळायचे आणि तीच बोटं पेट्यांच्या जाळीच्या कापडावर फिरवायचे. एकदा पाण्याचा ओला गडवा उजव्या पेटीवर ठेवून ते दुपारभर गप्पा मारत बसले. उचलला तेव्हा अक्रोडावर पांढरं कडं उमटलं होतं. मी सिंधूबाईंना खुणावलं, त्यांनी दुसरीकडे बघितलं. पाहुणे गेल्यावर तुम्ही तिळाचं तेल घेऊन ते कडं चोळत बसले. मी म्हटलं, सांगा ना त्यांना एकदा. तुम्ही म्हणाले, "राहू दे."

आणि मग रमेशचं लग्न. तुमचे भाऊ सकाळीच आले होते, खाटेवर बसले होते, मी आत चहा करत होते. प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"माया पोराच्या लग्नात तुया पेट्या नाई वाजल्या, तं कोनाच्या लग्नात वाजतीन?"

"दादा, त्या मंडपात वाजवाच्या नाईत. त्या नाजूक आहेत."

"बाई आहे काय नाजूक असाले?"

मी कपाची बशी जोरात आदळली, मुद्दाम. तुम्हाला कळलं होतं. तरी दुपारी बैलबंडी आली आणि तुम्ही स्वतः पेट्या गोधडीत गुंडाळून उचलून दिल्या.

मंडपवाल्यानं त्यांना आपला अॅम्प्लिफायर जोडला, जो भोंग्यांसाठी असतो तो. सिनेमाची गाणी लागली. मी बायकांत बसले होते. वरात दाराशी आली, कोणीतरी ओरडलं, "वाढव, वाढव!" आणि आवाज वाढला. मग डाव्या पेटीतून असा आवाज आला की ओलं धोतर कोणी टराटरा फाडावं. त्यानंतर नुसती खरखर. नाचणारे नाचतच राहिले. तुम्ही धावत गेले, मंडपवाल्याला बाजूला सारलं, वायर उपसली. पण झालं होतं ते झालं होतं. तुम्ही पेटीसमोर उकिडवे बसले होते आणि तुमच्या भावानं वरून तुमच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गा. लग्नात एवढं होतेच. हे घे, तोंड गोड कर." त्यांच्या हातात जिलबी होती.

तुम्ही ती खाल्ली.

मी लांबून बघत होते. पाकाचा थेंब तुमच्या हनुवटीवरून ओघळला, तुम्ही तो पुसला, मान हलवली आणि हसले. त्या लग्नाचं मला आता बाकी काही आठवत नाही. नवरी कशी दिसत होती तेही आठवत नाही. ती जिलबी आठवते. इतक्या वर्षांत मी पुन्हा जिलबीला हात लावलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? तुम्ही कधी विचारलं नाही.

पेट्या परत आल्या तेव्हा एकीच्या जाळीवर पानाची पिचकारी होती. वरच्या फटीत अक्षता आणि हळद. मागच्या बाजूला कोणाच्या तरी पोटातलं बाहेर आलेलं वाळलं होतं. मी नाकाला पदर बांधून ते सगळं खरवडलं. तुम्ही पाणी आणून देत होते. तेव्हा मी विचारलं, आठवतं ना?

"एक शब्द बोलून या. फक्त म्हना, का हे वाईट झालं."

"काय म्हनू? बाबा गेले तेव्हा दादानं शाळा सोडली, नांगर धरला. मले भंडाऱ्याले आयटीआयले पाठवलं. थो नसता तं मी लिबियाले गेलो असतो काय? ह्या पेट्या तरी आल्या असत्या काय?"

"मान्य आहे. पन हे किती दिवस चालनार?"

तुम्ही पाण्याची बादली उचलून परसात गेले. मी त्या प्रश्नाचं उत्तर मागत राहिले आणि तुम्ही बादली भरून आणत राहिले. आपला संसार असाच झाला.

तुमचे भाऊ वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी खरंच शाळा सोडली, खरंच नांगर धरला. त्यांच्या हातावरचे घट्टे मी पाहिले आहेत. पण एकदा केलेल्या चांगल्या कामावर माणूस जन्मभर कसा बसून खातो, ते मी त्या घरात पाहिलं. आणि तुम्ही त्यांना पाट मांडून देत होते. मला या दोन्हीची सारखीच किळस आहे. हे तुमच्या तोंडावर मी इतकं स्पष्ट बोलले नव्हते. आता बोलले.

डाव्या पेटीची कॉइल तुम्ही नागपूरहून गुंडाळून आणली, फाटलेल्या पडद्याला स्वतः बारीक कागद चिकटवला. ती वाजायला लागली, पण सर्दी झालेल्या माणसासारखी. मधे येऊन बसणारी बाई आता मधे बसेना. तुम्ही खुर्ची थोडी उजवीकडे सरकवली आणि तिथूनच पुढची वर्षं ऐकलं. कुरकूर नाही, हळहळ नाही. रविवारी जेवण झालं की हात पुसून यायचे, स्टॅबिलायझरचा काटा बघायचे, आणि म्हणायचे, "मास्तरीनबाई, आज काय?" जणू घरात शंभर रेकॉर्डी आहेत. मी त्याच चारपाचांतली एक सांगायची आणि तुम्ही वा म्हणायचे. त्या दुपारी मी सुखात होते. एवढं कबूल करते, आणि मागे घेत नाही.

तुमच्या दहाव्याच्या दिवशी भासरे ओसरीवर बसले. मी दाराआड. ते सिंधूबाईंना म्हणाले, पण आवाज माझ्यासाठी होता.

"तिले सांग, तेरवीले भजन त्या पेट्याईवर होईन. मनोहरच्या आत्म्याले बरं वाटन. मंग रमेश घेऊन जाईन. लाखांदूरले थो व्हिडिओचा धंदा लावून रायला, तिथं कामी येतीन. इथं आता कोन आयकते?"

सिंधूबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी बाहेर आले. डोक्यावर पदर होता, पण चेहरा उघडा होता. त्यांना काय म्हणून हाक मारायची तेच मला माहीत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून कधी वेळच आली नव्हती. म्हणून हाक न मारताच बोलले.

"मी आयकते. पेट्या देत नाई."

भासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, बायकोकडे बघितलं.

"सिंधू, हे कोनासंग बोलून रायली?"

"तुमच्यासंगच," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. "थो माया भाऊ होता," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा मला उद्देशून म्हणाले. "त्यानं मले जन्मात कधी नाई म्हटलं नाई."

"म्हनून तं मले म्हना लागून रायलं."

"पोर ना बाळ. उद्या हे सगळं रमेशचंच आहे."

"उद्याचं उद्या पाहू. आज त्या खोलीले कुलूप आहे."

आत येऊन मी माठाला धरून उभी राहिले. आनंद झाला असं समजू नका. तुम्ही जे वाक्य कधी म्हणाले नाही ते मला तुमच्या दहाव्याला म्हणावं लागलं, याचा संताप आला. ते माझं काम नव्हतं. तो तुमचा भाऊ होता.

तेरवीच्या सकाळी तरी रमेश आलाच, बैलबंडी आणि दोन माणसं घेऊन. माझी अंघोळ व्हायची होती. भागरता आणि बाकीच्या बाया अंगणात तांदूळ निवडत होत्या. बंडी पाहून भागरता सूप घेऊन उठली आणि मधल्या खोलीच्या कुलपाखाली, उंबरठ्यावर जाऊन बसली. तांदूळ निवडत राहिली. मी न्हाणीतून सगळं ऐकत होते.

"सरक वो."

"नाई सरकत. त्या पेटीत माया आवाज आहे. मले इचारलं काय?"

"तुया आवाज कॅसेटात आहे. पेटीत नाई."

"आयकू तं पेटीतूनच येते."

बाया खुदकन हसल्या. मग मोठ्यानं हसल्या. तेरवीच्या घरात हसू नये, पण हसल्या. रमेश दोन माणसांना घेऊन रिकाम्या बंडीत बसून परत गेला. तासाभरात तो भोंगा आला आणि कडुलिंबाला चढला. भासरे जेवायला आले नाहीत. सख्ख्या भावाच्या तेरवीला मोठा भाऊ जेवला नाही, म्हणून गाव मला नावं ठेवतं. ठेवू दे.

आता शेवटचं. काल दुपारी मी सारंगीची रेकॉर्ड लावली होती. दारात सावली पडली. भासरे एकटेच आले होते. आत आले, तुमच्या खुर्चीवर बसले. मी भिंतीला लागून उभी राहिले. इतक्या वर्षांत या खोलीत ते पहिल्यांदाच गप्प बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "मनोहर असाच बसे काय?"

"हो. असेच बसत."

त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. खरं सांगते, मला भरून आलं. वाटलं, ह्याही माणसाचा भाऊ गेला आहे. सारंगी हळू चालली होती. मी चहा करायला आत गेले, चांगला, दुधाचा, तुम्हाला करायची तसा.

कप घेऊन आले तेव्हा ते उजव्या पेटीजवळ उभे होते. भोपळा पिकला का पाहावं तसे बोटाच्या पेरानं तिच्यावर ठोकत होते.

"लाकूड बरं आहे," ते म्हणाले. "दोन्ही नको देऊ. रमेशले एक दे. तू आता एकटी. एकटीले एक पेटी पुरे."

मी कप त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "चहा घ्या, अन जा."

त्यांनी चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत घेतला, कप जमिनीवर ठेवला आणि गेले. तुम्ही असते तर एक पेटी दिली असती. उजवीच दिली असती, चांगली ती. मला माहीत आहे, आणि हे माहीत असूनही मला तुमची आठवण येते, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

खुर्चीवर तंबाखूची भुकटी सांडली होती. ती मी ओल्या फडक्यानं पुसली, फडकं चुलीत टाकलं, हात धुतले. तोवर सारंगी संपून सुई नुसतीच कडेला फिरत होती. मी रेकॉर्ड उलटी केली आणि दुसरी बाजू लावून बसले.